रानडुकराच्या शिकारीसाठी रायफल आणि काडतूस कसे निवडावे: गोळीपासून रायफलीपर्यंतचा उलटा प्रवास

अमेरिकेत रानडुकरांच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायला निघालेला माणूस बहुधा ‘कोणते कॅलिबर घेऊ?’ याच, म्हणजे नळीच्या व्यासाच्या, प्रश्नापासून सुरुवात करतो. प्रश्न योग्य आहे, पण त्याची पाळी फार उशिरा येते. आपण कोणत्या जमिनीवर, कोणत्या नियमांखाली, किती अंतरावरून आणि डुकराच्या शरीरात नेमके कोठे बार काढणार आहोत, हे ठरल्यावर गोळीची निवड आपोआप अरुंद होते. गोळी ठरली की काडतूस ठरते आणि काडतूस ठरले की रायफलीविषयीचे निम्मे वाद मिटतात. या लेखात तोच क्रम पाळला आहे.

कायदा आणि जमीन

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजानुसार देशात साठ लाखांहून अधिक मोकाट डुकरे असून ती किमान ३५ राज्यांत पसरली आहेत. १५३९ मध्ये हर्नांडो दे सोटो फ्लोरिडात उतरला, तेव्हा त्याच्या तांड्याबरोबर आलेली पाळीव डुकरे आणि पुढे शिकारीसाठी मुद्दाम आणून सोडलेली युरोपीय रानडुकरे यांच्या संकरातून ही आजची प्रजा बनलेली आहे. शेतीचे नुकसान करणारा परका प्राणी म्हणून अनेक राज्यांत त्याच्या शिकारीवरचे निर्बंध सैल आहेत, पण ‘सैल’ याचा अर्थ सर्वत्र सारखा नाही. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकराची शिकार करण्यासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. कॅलिफोर्नियात मात्र परवाना लागतो आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी वापरताच येत नाही. मिझुरीच्या संवर्धन खात्याने तर आपल्या अखत्यारीतील जमिनींवर २०१६ पासून डुकराच्या शिकारीलाच मनाई केली, कारण एखाददुसरे जनावर मारल्याने उरलेला कळप पांगतो आणि सापळा लावून संपूर्ण कळप पकडण्याचे काम अवघड होते.

म्हणून खरेदीपूर्वी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या चालू नियमांतून चार गोष्टी तपासाव्यात: रात्री शिकार करता येते का, थर्मल (उष्णता टिपणारी) किंवा नाइट व्हिजन (अंधारात दाखवणारी) दुर्बीण चालते का, सेमी ऑटोमॅटिक (प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, किती काडतुसे ठेवता येतात, आणि शिशाच्या गोळीवर बंदी आहे का. सप्रेसर (बाराचा आवाज कमी करणारे नळकांडे), तसेच १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल, हे १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येतात. त्यांची नोंदणी आणि संघीय मंजुरी आधी घ्यावी लागते, हे विसरून कोणी सुटी नळी खरेदी करू नये.

बार कोठे लागला पाहिजे

हरणाच्या शिकारीतून डुकराकडे वळणारे बहुतेक शिकारी एकच चूक करतात. खांद्यामागे, शरीराच्या साधारण मध्यावर नेम धरण्याची त्यांच्या हाताला सवय असते. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे मात्र हरणाच्या तुलनेत पुढे आणि खाली असतात. हृदय जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्येच असते. त्यामुळे हरणाच्या सवयीने काढलेला बार यकृतात किंवा पोटात जातो आणि जनावर झुडपात शिरून तासन्‌तास तडफडत राहते. पाठीवर राठ केसांची उभी आयाळ असते आणि तीही डोळ्यांना फसवते. तिच्यासकट उंची मोजून ‘मध्य’ शोधला की नेम आणखी वर सरकतो.

जनावर पूर्ण आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मधल्या रेषेवरून नजर सरळ वर न्यावी आणि छातीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर थांबावे. ही जागा खांद्यावरच येते, म्हणजे गोळीला आधी खांदा भेदावा लागतो. जनावर तिरके होऊन आपल्यापासून दूर तोंड करून उभे असेल, तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे जाणारी रेषा मनात आखून बरगड्यांमागून नेम धरावा. कानाच्या मागे किंवा मानेत लागलेला बार जनावराला जागीच आडवे पाडतो हे खरे असले, तरी तिथले लक्ष्य लहान असते आणि चरणाऱ्या डुकराचे डोके क्षणभरही स्थिर राहत नाही. पन्नास यार्डांच्या आत, भक्कम टेकू असताना आणि शांत उभ्या जनावरावरच तो विचार करावा.

प्रौढ नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांच्या पुढच्या भागावर जाड, चिवट कातडीचा थर असतो. शिकारी त्याला ढाल म्हणतात. नरांच्या झुंजीत सुळ्यांचे वार झेलण्यासाठी तो तयार होतो आणि वयाबरोबर जाड होत जातो. ही ढाल चिलखत असल्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात, त्या मनावर घेऊ नयेत. योग्य बांधणीची गोळी ती सहज भेदते. ढाल, त्यावर वाळलेला चिखल आणि खाली खांद्याचे हाड हे तिन्ही मिळून अडवतात ती पटकन फुटणारी, नाजूक गोळी. शिवाय डुकराची चरबी आणि कातडी छिद्र लवकर बुजवतात, त्यामुळे रक्ताचा माग हरणाइतका स्पष्ट मिळत नाही. गोळी पलीकडून बाहेर पडली, आणि तेही खालच्या बाजूने, तर माग काढणे कितीतरी सोपे होते. गोळीच्या निवडीचा सारा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

किती अंतर

गव्हाच्या किंवा मक्याच्या कापलेल्या शेताच्या कडेवरून दीडशे-दोनशे यार्डांवर बार काढणे, मका टाकलेल्या जागेसमोरच्या मचाणावरून पन्नास ते ऐंशी यार्डांवर काढणे, आणि नदीकाठच्या दाट झाडीत पंधरा यार्डांवर अचानक समोर आलेल्या कळपावर काढणे, ही तीन वेगळी कामे आहेत. आपली शिकार यांपैकी कोणत्या प्रकारची असेल हे प्रामाणिकपणे कागदावर लिहून काढावे. बहुसंख्य लोकांचे उत्तर शंभर यार्डांच्या आतच येते, आणि तरीही बहुसंख्य लोक चारशे यार्डांचा हिशोब करून सामान विकत घेतात. जनावराच्या आकाराचाही अंदाज घ्यावा: प्रौढ डुकरे साधारणपणे ४५ किलोपासून पुढे असतात आणि एखादा एकांडा नर १८० किलोपर्यंतही जातो. निवड त्या मोठ्या नराला पुरी पडेल अशी करावी, कारण रात्रीच्या अंधारात कळपातून कोण बाहेर येईल हे आपल्या हाती नसते.

गोळी

मराठीत आपण ‘गोळी’ आणि ‘काडतूस’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, पण येथे फरक ठेवणे आवश्यक आहे. काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, त्याच्या बुडातील प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी असा संपूर्ण संच. नळीतून बाहेर पडून जनावरापर्यंत पोहोचते ती एकटी गोळी. तिचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम.

पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी धाटणीची गोळी प्रथम बाद करावी. ती शरीरात पसरत नाही, बारीक छिद्र पाडून निघून जाते, जनावराला लवकर मारत नाही आणि अनेक राज्यांत मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी तिला मनाईही आहे. कोल्हे किंवा खारी यांसाठी बनवलेली, लागताच चुरा होणारी हलकी गोळीही बाद करावी, कारण ती खांद्यावरच फुटून उथळ, भयंकर आणि प्राणघातक न ठरणारी जखम करते.

मग उरतात चार प्रकार. शिशाचा गाभा आणि तांब्याचे साधे आवरण असलेली मऊ टोकाची गोळी सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी असते. मध्यम वेगाच्या आणि जड काडतुसांत, उदाहरणार्थ .३०-३० किंवा .३०८ मध्ये, ती डुकरासाठी अगदी पुरेशी आहे, आणि याबाबतीत तिची बदनामी उगाच झाली आहे असे माझे मत आहे. लहान कॅलिबरमध्ये किंवा अतिवेगात मात्र तिचा गाभा आवरणापासून सुटण्याचा धोका वाढतो. हा धोका टाळण्यासाठी बाँडेड गोळी निघाली, जिच्यात गाभा आवरणाला कायमचा जोडलेला असतो. तिसरा प्रकार विभाजित गाभ्याचा: पुढचा भाग पसरतो आणि मधल्या धातूच्या पडद्यामागचा भाग अखंड राहून खोल जातो. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत गोळ्या निकामी ठरल्याच्या अनुभवानंतर ही रचना केली आणि ती नॉस्लर पार्टिशन या नावाने अजूनही विकली जाते.

चौथा प्रकार अखंड तांब्याच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या गोळीचा. बार्न्स कंपनीने तो लोकप्रिय केला. ही गोळी पाकळ्यांसारखी उमलते, तिचे जवळजवळ सगळे वजन टिकून राहते, मांसात शिशाचे कण मिसळत नाहीत आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत ती कायदेशीर असते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तितक्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून नेहमीपेक्षा एक पायरी हलके वजन निवडावे: .३०८ मध्ये शिशाची १६५ ग्रेनची वापरत असाल, तर तांब्याची १५० किंवा १३० ग्रेनची पुरते. शिवाय उमलण्यासाठी तिला वेग लागतो. अनेक तांब्याच्या गोळ्यांसाठी ही किमान मर्यादा सेकंदाला १८०० ते २००० फुटांच्या आसपास असते, आणि निर्मात्याने दिलेला आकडा पाहून तो वेग कोणत्या अंतरापर्यंत टिकतो हे तपासावे. त्या अंतरापलीकडे बार काढू नये.

काडतूस

गोळीची बांधणी ठरल्यानंतर ती पुरेशा जोराने पोहोचवणारे काडतूस शोधायचे. मोजमापाला एक आधार म्हणून जर्मन कायद्याकडे पाहता येते. तेथे रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यासाची गोळी आणि १०० मीटरवर किमान २००० जूल, म्हणजे सुमारे १४७५ फूट-पाउंड ऊर्जा आवश्यक मानली आहे. अमेरिकेत असा देशव्यापी नियम नाही. पण निवड करताना हा आकडा समोर असला की जाहिरातींच्या भाषेला वजन किती द्यायचे ते कळते.

.२२३ रेमिंग्टन ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ३२४० फूट वेगाने फेकते आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा १२८० फूट-पाउंडांच्या आसपास असते, म्हणजे जर्मन कसोटीत ती सुरुवातीलाच नापास होते. तरीही टेक्सासमध्ये या काडतुसाने असंख्य डुकरे मारली जातात. कारण धक्का नगण्य असतो, दुसरा बार तत्काळ काढता येतो आणि ६२ ग्रेनसारखी बाँडेड किंवा तांब्याची गोळी वापरणारा माणूस जागा निवडून मारतो. माझा सल्ला असा की, रायफल आधीच घरात असेल तर हे काडतूस चांगल्या गोळीसह आणि शंभर यार्डांच्या आत वापरावे; केवळ डुकरासाठी नवी रायफल घेत असाल तर एक पायरी वर जावे.

.३०० ब्लॅकआउट आखूड नळीतही चांगले चालते. ११० ग्रेनची गोळी सुमारे २३५० फूट वेगाने सुटते. त्याच काडतुसाचा दुसरा अवतार २२० ग्रेनच्या जड गोळीचा आणि ध्वनीपेक्षा कमी वेगाचा. सप्रेसरसह तो फारच शांत असतो, पण त्याची ऊर्जा केवळ ५०० फूट-पाउंडांच्या जवळपास राहते आणि साधी गोळी त्या वेगाला उमलत नाही. शांततेच्या मोहापायी मोठ्या नरावर तो वापरू नये. येथे एक गंभीर सूचना: .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ ही काडतुसे एकाच मॅगझिनमध्ये आणि एकाच बोल्टवर (नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) बसतात, वेगळी असते ती फक्त नळी. .३०० चे काडतूस .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) कधीकधी बसते, आणि चाप ओढताच रायफल फुटून हात आणि डोळे जाऊ शकतात. दोन्ही रायफली बाळगणाऱ्याने मॅगझिनांना वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावाव्यात आणि दोन्ही काडतुसे एकाच पिशवीत कधीही ठेवू नयेत.

.२४३ विंचेस्टर १०० ग्रेनच्या गोळीसह फारसा धक्का न देता पुरेसे काम करते आणि हलक्या अंगाच्या नेमबाजासाठी उत्तम आहे. २००७ मध्ये आलेले ६.५ क्रीडमूर दोनशे यार्डांच्या मोकळ्या शेतासाठी त्याहून सरस आहे. .३०८ विंचेस्टरचा विचार मात्र प्रत्येकाने करावा: १५० ग्रेनची गोळी सुमारे २८२० फूट वेगाने, २६५० फूट-पाउंडांच्या आसपास ऊर्जेने निघते, कोणत्याही कोनातून खांदा भेदते, तिचे काडतूस सर्वत्र मिळते, शिवाय बोल्ट ॲक्शन (प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने ओढावा लागणारी) आणि सेमी ऑटोमॅटिक अशा दोन्ही रायफलींत ते चालते. एकच रायफल ठेवायची असेल तर माझी निवड हीच.

दाट झाडीसाठी १८९५ पासून चालत आलेले .३०-३० विंचेस्टर अजूनही हाताशी असते. शंभर यार्डांवर त्याची ऊर्जा जर्मन कसोटीला थोडी कमी पडते, पण त्या झाडीत शंभर यार्ड दिसतच नाहीत, आणि १७० ग्रेनची मऊ टोकाची गोळी जवळून डुकराला आरपार जाते. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष रान यांत जो फरक असतो, तो येथे दिसतो. .४५-७० तर १८७३ पासूनचे आहे आणि जवळच्या अंतरावर त्याला तोड नाही. परंतु आधुनिक रायफलींसाठी बनवलेली त्याची जादा दाबाची काडतुसे जुन्या रायफलीत घालणे जिवावर बेतू शकते.

रायफल

येथे बोलण्यासारखे थोडेच आहे. एका डुकरासाठी आणि एका नेमक्या बारासाठी बोल्ट ॲक्शन, कळप पांगण्याआधी दोन-तीन नेमके बार काढायचे असल्यास सेमी ऑटोमॅटिक, आणि झाडीतून वाट काढत चालायचे असल्यास हलकी लिव्हर ॲक्शन (चापाजवळची कडी हलवून काडतूस भरावे लागणारी). लिव्हर ॲक्शनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकते, म्हणून त्यात सपाट टोकाचीच किंवा त्यासाठीच बनवलेली मऊ रबरी टोकाची गोळी घालावी. कडक अणकुचीदार टोक धक्क्याने प्रायमर पेटवू शकते.

नळीतील आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) गोळीच्या लांबीला जुळले पाहिजेत. .२२३ च्या जुन्या रायफलीत दर १२ इंचांत एक फेरा असतो आणि तिच्यात लांब तांब्याची गोळी डगमगते. ८ किंवा ७ इंचांत एक फेरा असलेली नळी घ्यावी. खोक्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंचांच्या नळीतून मोजलेला असतो. आखूड नळीत दर इंचामागे साधारण २५ ते ५० फूट कमी होतात, आणि तांब्याच्या गोळीचे अंतर मोजताना हा हिशोब धरावा.

दुर्बीण

झाडीसाठी १ ते ६ पट, शेतासाठी ३ ते ९ पट पुरे. जवळच्या धावत्या डुकरासाठी मोठेपणा एक पटावर आणून दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता आले पाहिजे. रात्रीसाठी थर्मल दुर्बीण प्रभावी असते, पण तिच्यात उष्णतेचा आकार दिसतो, जनावराची ओळख पटत नाही. वासरू, कुत्रा आणि वाकलेला माणूस हेही उष्ण ठिपकेच असतात. जमिनीच्या मालकाची गुरे त्या रात्री कोठे आहेत, हे आधी विचारून घ्यावे.

नेम जुळवणे आणि सराव

निवडलेल्या गोळीचे किमान दोन-तीन निर्मात्यांचे एकेक खोके घेऊन शंभर यार्डांवर भक्कम टेकूवरून पाच-पाच बार काढावेत आणि मध्ये नळी थंड होऊ द्यावी. पाचही छिद्रे दोन इंचांच्या वर्तुळात आली तर डुकरासाठी पुरेसे आहे. त्याहून लहान वर्तुळाच्या मागे लागून पैसे खर्च करण्यापेक्षा त्याच काडतुसाची आणखी खोकी घेऊन उभ्याने, गुडघ्यावर आणि काठीच्या टेकूवरून सराव करावा. शिकारीला जाताना ज्याने नेम जुळवला तेच काडतूस न्यावे.

.३०८ चा नेम शंभर यार्डांवर जुळवला असेल, तर दोनशे यार्डांवर गोळी साधारण चार इंच खाली लागते; .३०-३० मध्ये हीच घसरण जवळपास दुप्पट असते. या उलट गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते: एआर धाटणीच्या (लष्करी बांधणीच्या सेमी ऑटोमॅटिक) रायफलीत दुर्बीण नळीच्या सुमारे अडीच इंच वर बसते, त्यामुळे दहा यार्डांवर गोळी नेमाच्या दोन इंच खाली लागते. जखमी डुकराला जवळून अखेरचा बार देताना हा फरक लक्षात नसेल, तर बार फुकट जातो.

बार काढताना आणि नंतर

डुक्कर क्वचितच एकटे असते. आपली गोळी आरपार जावी अशी निवड आपण केली आहे, म्हणून लक्ष्याच्या मागे दुसरे जनावर नाही आणि त्यामागे मातीचा बांध किंवा उताराची जमीन आहे, याची खात्री प्रत्येक वेळी करावी. क्षितिजावर उभ्या असलेल्या डुकरावर कधीही बार काढू नये. सप्रेसर असला तरी कानांचे संरक्षण काढू नये.

बार लागताच दुसरे काडतूस चेंबरमध्ये आणून नेम तसाच ठेवावा. जनावर झाडीत शिरले तर अर्धा तास थांबून, एकट्याने न जाता, दिवा घेऊन माग काढावा. पडलेल्या डुकराजवळ मागच्या बाजूने जावे, कारण जखमी नर पडल्या जागेवरून उठून मुसंडी मारतो आणि त्याचे सुळे मांडीच्या उंचीवर येतात. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून पापणी हलत नाही हे पाहावे, आणि हलली तर त्वरित पुन्हा बार द्यावा.

फाडताना रबरी हातमोजे घालावेत. रानडुकरांमध्ये ब्रुसेला सुइस हा जिवाणू असतो आणि तो हातावरच्या बारीक चिरेतूनही माणसाच्या शरीरात शिरतो. बरोबर नेलेल्या कुत्र्यांना कच्चे मांस देऊ नये. गोळी लागलेल्या जागेभोवतीचे मांस कंजुषी न करता काढून टाकावे, विशेषतः शिशाची गोळी वापरली असल्यास, आणि उरलेले मांस आतून ७१ अंश सेल्सिअस तापमान येईपर्यंत शिजवावे. गोळी शरीरात अडकलेली सापडली तर ती धुऊन, तोलून आणि अंतराची नोंद करून ठेवावी. पुढच्या हंगामात तीच गोळी घ्यावी की नाही, हे ती निर्मात्याच्या पत्रकापेक्षा अधिक स्पष्ट सांगते.